भरल्या पोटाची भूक

मराठीत भुकेबद्दलचे शब्द आठवायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. यातले बरेचसे शब्द वर्णन करत नाहीत, निकाल देतात. हावरट, अधाशी, खादाड, हपापलेला, वखवखलेला. भूक लागणं हा देहधर्म, त्यावरून कुणी कुणाला बोलत नाही. पण ‘इतकी’ भूक लागणं, जेवण झाल्यावरही लागणं, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून लागणं, हा मात्र स्वभावाचा दोष. पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी मागणाऱ्या मुलाला आई नुसत्या डोळ्यांनी जे सांगते, ते हेच.

याच भाषेत एक वेगळा जुना शब्दही आहे: भस्म्या. कितीही खाल्लं तरी पोटात भस्म होऊन जातं आणि भूक तशीच राहते, अशा माणसाला ‘भस्म्या झालाय’ असं म्हणत. झालाय, म्हणजे ताप होतो, खोकला होतो तसा. इथे माणूस वाईट नाही, त्याला काहीतरी झालेलं आहे. आज आपण हा शब्दही टोमणा म्हणूनच वापरतो, पण त्याच्या पोटात एक समजूतदारपणा दडलेला आहे.

या दोन शब्दांमधलं अंतर हा या लेखाचा विषय आहे. आणि ते अंतर मोजायला माणसापेक्षा कुत्रा बरा, कारण कुत्र्याला लाज नसते. तो आपली भूक लपवत नाही.

आमच्याकडे सहा वर्षांची लॅब्रेडॉर आहे, बुंदी. सकाळचं खाणं संपवून ती वाटी चाटते, वाटी उलटी करून खालची फरशी चाटते आणि मग ओट्याखाली येऊन अशी बसते की जणू आठवडाभर उपाशी आहे. फिरायला नेलं की तिचं नाक जमिनीला चिकटलेलं. चिकन सेंटरच्या मागची गल्ली, वडापावच्या गाडीखालची जागा, बसस्टॉपचा कोपरा, कुठे काय मिळू शकतं याचा नकाशा तिच्या डोक्यात पक्का आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘किती हावरट आहे हो!’ किंवा ‘बिचारीला देत नाही वाटतं पोटभर?’

एका वाक्यात दोष तिचा, दुसऱ्यात आमचा. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पण त्यांच्या मधोमध जो प्रश्न उरतो तो खरा आहे आणि सोपा नाही: ज्याचं पोट भरलेलं आहे, पण ज्याची भूक खोटी नाही, त्याच्या मागण्याला आपण काय देणं लागतो?

उकिरड्याचा वारसा

कुत्र्याचं हे हुंगणं, उचलणं, गिळणं म्हणजे वाईट वळण नव्हे. तो त्याचा मूळ धंदा आहे. जगातले बहुसंख्य कुत्रे आजही कुणाच्या सोफ्यावर झोपत नाहीत. ते माणसाच्या वस्तीच्या कडेला, माणसानं टाकलेल्यावर जगतात. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याची मांडणी तर अशी होती, की माणसानं लांडग्याची पिल्लं पकडून कुत्रा घडवला नाही. वस्तीच्या उकिरड्यावर यायला धजावणारे, माणसाला कमी घाबरणारे लांडगेच पिढ्यानपिढ्या कुत्रे होत गेले. या मांडणीवर वाद आहेत, पण कुत्र्याच्या शरीरात आपल्या खरकट्याची खूण आहे हे नक्की. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात आणि कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे भात-पोळी पचवायची सोय त्यानं आपल्यासोबत राहून कमावली.

कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांना दिसलं, की कचऱ्यात बहुतेक भात-पोळी मिळत असली तरी हे कुत्रे साधा नियम पाळतात: ज्याला मांसाचा वास, ते आधी. पोषण नेमकं कशात किती आहे हे न तपासता, वासावरून आधी उचलायचं. ज्याला उद्याचं जेवण माहीत नाही त्याच्यासाठी हा शहाणपणाचा नियम आहे.

तर सगळेच कुत्रे उचलेगिरी करतात. पण लॅब्रेडॉरची गोष्ट याच्याही पुढची आहे. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांसोबत बर्फगार पाण्यात काम करायचे, जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. तिथून ते ब्रिटनमध्ये आले आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्य आणि संशोधक एलिनॉर रॅफन यांना प्रश्न पडला होता, की सगळ्या जातींत लॅब्रेडॉरच इतके खाण्यासाठी वेडे का? २०१६ साली त्यांच्या गटानं उत्तराचा एक मोठा तुकडा शोधला. सुमारे दर ४ लॅब्रेडॉरमागे १ कुत्रा असा असतो, की त्याच्या ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकातला १४ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूत तयार होण्यासाठी जी रसायनं लागतात, त्यातली काही या गळतीमुळे नीट बनत नाहीत. या बदलाच्या एका प्रतीमागे कुत्र्याचं वजन सरासरी २ किलोच्या आसपास वाढलेलं दिसलं.

२०२४ साली याच गटानं आणखी बारकाईनं पाहिलं. कुत्र्यांना थोड्या थोड्या वेळानं, ते स्वतः थांबेपर्यंत खायला दिलं. सगळ्यांनीच भरपूर खाल्लं, पण बदल असलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं असं झालं नाही. फरक पुढच्या चाचणीत दिसला. सकाळच्या खाण्यानंतर तीन तासांनी, छिद्रं असलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. दिसतंय, वास येतोय, मिळत मात्र नाही. बदल असलेले कुत्रे तो डबा उघडायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त झटले. म्हणजे त्यांचं पोट मोठं नव्हतं, त्यांची भूक लवकर परत येत होती. त्यात भर म्हणजे आराम करताना त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा वापरत होतं. भूक जास्त, गरज कमी. दोन्ही बाजूंनी कोंडी.

ओट्याखाली बसलेला कुत्रा नाटक करत नाही, हे यातून कळतं. त्याच्या जठरात अन्न आहे आणि तरीही त्याला भूक लागलेली आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

गुण आणि दोष एकाच दाण्यात

आता याच संशोधनातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. अंध किंवा अपंग माणसांना मदत करायला जे लॅब्रेडॉर तयार केले जातात, त्यांच्यात हा बदल किती जणांत सापडला? २०१६च्या अभ्यासात तपासलेल्या अशा कुत्र्यांपैकी ७६ टक्के. सर्वसाधारण लॅब्रेडॉरच्या तिप्पट. कुणी जनुक बघून निवड केली नव्हती. निवड हुशार, शिकाऊ, सांगितलेलं ऐकणाऱ्या कुत्र्यांची होत होती. पण शिकवताना बक्षीस म्हणून खाऊ द्यायचा, तर ज्याला खाऊ सगळ्यात जास्त हवा तोच सगळ्यात लवकर शिकणार. त्यामुळे भुकेली जनावरंच वर येत गेली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणजे ‘किती गुणी कुत्रा आहे’ आणि ‘किती हावरट कुत्रा आहे’ या दोन वाक्यांचा विषय एकच असू शकतो. ती भूक आपल्या कामाला आली की आपण तिला आज्ञाधारकपणा म्हणतो, आणि आपल्या ताटाकडे वळली की लोचटपणा.

कुत्र्याची भूक वापरण्याचा इतिहास याहून कडवट आहे. पावलॉव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ आठवते, पण त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांची अन्ननलिका मानेपाशी कापून बाहेर उघडलेली असे. कुत्रा खात राही, गिळलेलं मानेतून बाहेर पडे, पोटात काहीच जात नसे. तरी जठरात रस पाझरायचा, कारण भूक आणि खाण्याचा आनंद डोक्यात सुरू होतो. तो जठररस गोळा करून अपचनाचं औषध म्हणून विकला जाई. कुत्र्याच्या कधीच न भागणाऱ्या भुकेवर माणसाचं अपचन बरं करायचं. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण आपल्या दिवाणखान्यातला व्यवहार याच ओळीत, फार सौम्य रूपात, बसतो. आपल्याला उपयोगी असलेली भूक आपण पिढ्यानपिढ्या निवडली. तिचा उरलेला भाग आता आपल्यासमोर शेपूट हलवत बसलाय.

थॉमस नेगेल या तत्त्वज्ञानं १९७०च्या दशकात नैतिक नशिबाविषयी लिहिलं, त्यात एक प्रकार घडणीच्या नशिबाचा आहे. आपला स्वभाव, आपल्या वासना, आपला संयम यातलं पुष्कळसं आपण निवडलेलं नसतं, आणि तरी जग आपल्याला त्यावरूनच चांगलं-वाईट ठरवतं. माणसाच्या बाबतीत यावर वाद घालायला जागा आहे. कुत्र्याच्या बाबतीत नाही. त्यानं काहीच निवडलेलं नाही. निवडलंय ते आपण.

पहिलं उत्तर: द्या

मग सोपं आहे ना, देऊन टाका. आपल्या परंपरेचा कौलही तिकडेच. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा कोरडी पोळी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्याला अन्न हे पहिलंच कलम. श्राद्धाच्या पानातून कावळ्यासोबत कुत्र्याचाही घास काढतात. मागणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं हे मराठी घरात पाप मानलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

पण या सगळ्या गोष्टी ज्या जगातल्या आहेत तिथे अन्न कमी होतं. तिथे भूक म्हणजे पोट रिकामं असल्याची बातमी. बुंदीची भूक ही बातमीच मुळात चुकीची आहे. बातमी देणारा प्रामाणिक, पण तार बिघडलेली.

त्या तारेवर विश्वास ठेवून देत राहिलं तर काय होतं याचे आकडे आहेत. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या आणि त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. जोडीतल्या एकाला, दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. त्यांना सांधेदुखीचे उपचारही बरेच उशिरा लागले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. कुत्र्याला ‘१३ वर्षं’ म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला आत्ताची पोळी ठाऊक आहे. मग त्याच्या आजच्या सुखावर कात्री लावून त्याचं आयुष्य लांबवणं ही आपलीच हौस नाही का? आपल्याला तो जास्त दिवस हवाय म्हणून त्यानं भुकेलं राहायचं?

माझं उत्तर असं. लांब आयुष्य ही कल्पना त्याला कळत नसेल, पण नवव्या वर्षी जिना चढताना दुखणारा गुडघा त्याला पुरता कळेल. तो त्याचा ‘आत्ता’च असेल. आणि तेव्हा त्याला हे उमगणार नाही, की तिसऱ्या वर्षीच्या पोळ्यांचा हा हिशेब आहे. जो स्वतःच्या आजच्या आणि उद्याच्या दुःखाची तुलना करू शकत नाही, त्याच्यासाठी ती कुणीतरी करावी लागते.

आणि देण्यातही आपली हौस असतेच. घास टाकल्यावर शेपटी हलते, डोळे चमकतात, आपण एका सेकंदात जगातले सर्वांत प्रेमळ माणूस होतो. इतकं स्वस्त प्रेम दुसरीकडे मिळत नाही. घरातले पाच जण, कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन काका आणि वरच्या मजल्यावरचं शाळकरी मूल. प्रत्येकानं ‘चतकोरच दिली’ तर दिवसाअखेर दोन पोळ्या होतात. प्रत्येकाचा घास प्रेमाचा. बेरीज मात्र कुणाचीच नाही.

शिवाय काही घास थेट घातक असतात. सत्यनारायणाचा प्रसाद कुणाला नाकारायचा नसतो, पण शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा-लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम ही कुत्र्यासाठी विषंच. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा बुरकुंडा आतड्यात अडकतो, शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात. भुकेला हा फरक कळत नाही.

दुसरं उत्तर: शिस्त लावा

मग दुसरं टोक. ‘सवय लावा हो. दोनदा ओरडा, एक फटका द्या, आपोआप शिकेल.’ हे ऐकायला खंबीर वाटतं. अडचण एवढीच, की यातून कुत्रा जे शिकतो ते आपल्याला हवं असतं त्याच्या उलट असतं.

रस्त्यावर तोंडात हाड घेतलेल्या कुत्र्याचा जबडा उचकटून ते काढून घेतलं, तर तो शिकतो की माणूस जवळ आला की लवकर गिळायचं. काही कुत्रे शिकतात की गुरगुरायचं. उचलू नये, हे बहुधा कुणीच शिकत नाही, कारण रस्ता त्याला दुसरंच शिकवत असतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं भलंथोरलं पुस्तक काढलं. त्यातून पक्कं झालेली एक गोष्ट आज तुमच्या खिशातल्या फोनलाही लागू आहे: बक्षीस दरवेळी मिळण्यापेक्षा कधीतरी, अनपेक्षितपणे मिळालं तर सवय जास्त घट्ट बसते. वीस रील्स कंटाळवाणी असतात आणि एकविसावं भन्नाट निघतं, म्हणून अंगठा थांबत नाही. बसस्टॉपमागे तीन महिन्यांपूर्वी एकदा तंगडीचं हाड मिळालं, म्हणून बुंदी आजही तिथे खेचते. जेवताना दहादा नाही म्हणून अकराव्यांदा दिलेला तुकडा हेच करतो.

पण शिस्तवाल्या उत्तरातली खरी चूक नैतिक आहे. संयम हा शब्द आपण फार सहज वापरतो. एकादशीला आपण उपाशी राहतो तेव्हा तो उपवास आपण धरलेला असतो. तो कधी सुटणार हे ठाऊक असतं, कशासाठी आहे ते ठाऊक असतं, आणि बऱ्याच घरांत मधे साबुदाण्याची खिचडीही असते. म्हणून त्या भुकेला अर्थ येतो. कुत्र्याला यातलं काहीच नाही. त्याच्या दृष्टीनं अन्न आहे, देणारा आहे, आणि तरी मिळत नाही, एवढंच. हा त्याचा संयम नव्हे. उपवास आपण धरलाय आणि तो करतोय. अशा वेळी वर त्यालाच ‘हावरट’ म्हणायचं, म्हणजे आपला उपवास त्यानं हसतमुखानं करावा अशी अपेक्षा ठेवायची.

तिसरं उत्तर: किल्ली ज्याच्याकडे, काम त्याचं

मला पटणारं उत्तर असं: तो मागतो ते अन्न देणं लागत नाही, पण त्याची भूक सांभाळण्याचं काम मात्र पूर्णपणे आपलं. नकार देण्याचा हक्क फुकट मिळत नाही, त्याचं मोल वेळात आणि मेहनतीत चुकवावं लागतं.

ते काम अगदी ओट्यापासून सुरू होतं. आधी डॉक्टर. शांतपणे खाणाऱ्या कुत्र्याची भूक अचानक वाढली, तर जंत, मधुमेह, कुशिंग, स्वादुपिंडाचा विकार किंवा चालू असलेलं स्टिरॉइड यातलं काही असू शकतं. तिथे भस्म्या हा शब्द शब्दशः खरा ठरतो. नसबंदीनंतरही भूक वाढते आणि गरज घटते, त्यामुळे माप बदलावं लागतं.

मग वजनकाटा. खाणं वाटीनं नव्हे, ग्रॅमनं. दिवसाचं सगळं खाणं सकाळी एका डब्यात मोजून ठेवायचं. मावशींनी, काकांनी, वरच्या मुलानं द्यायचं ते याच डब्यातून. देण्याचा आनंद कुणाचाच हिरावला जात नाही आणि बेरीज हातात राहते. काकडी, गाजर, उकडलेला दुधी हे पाहुण्यांसाठी.

मग वेळ. वाटीतलं खाणं बुंदी मिनिटभरात संपवते. तेच दाणे गवतात विखरून टाकले, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवले, तर पंधरा-वीस मिनिटं नाक चालतं. कॅलरी तितक्याच, पण उकिरड्याच्या वारसदाराला त्याचा धंदा परत मिळतो. तिची शोधण्याची भूक आपण भागवू शकतो, पोटाची नाही भागवली तरी.

मग ‘सोड’. हा शब्द घरात, साध्या वस्तूवर, आधी शिकवायचा. एक सोडलं की त्याहून चांगलं मिळतं, असा सौदा. म्हणजे रस्त्यावर तोंडातलं हाड सोडणं हे तिच्यासाठी हरणं नसतं. ज्या गल्लीत सौदा जमणार नाही ती गल्ली टाळायची किंवा तेवढ्यापुरतं जाळीचं मझल, ज्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं.

आणि शेवटी झाकण. ओल्या कचऱ्याचा डबा बाल्कनीत, घट्ट झाकणाचा, घंटागाडी येईपर्यंत दार बंद. याला कुणी शिस्त म्हणणार नाही, पण मोहाला विरोध करायची ताकद ज्याच्यात नाही त्याच्या वाटेतून मोह उचलून ठेवणं, हा मला यातला सगळ्यात दयाळू भाग वाटतो.

२०२५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात रॅफन यांच्याच गटानं लॅब्रेडॉरच्या लठ्ठपणाशी जोडलेली आणखी काही जनुकं शोधली. त्यात दिसलं, की ज्यांच्या जनुकांत धोका जास्त आहे असे कुत्रेही बांधेसूद राहू शकतात, पण त्यांच्या माणसांना इतरांपेक्षा फार जास्त कष्ट घ्यावे लागतात. म्हणजे सडपातळ कुत्र्याचा मालक नेहमी अधिक शहाणा असतो असं नाही. कधीकधी त्याला नशिबानं सोपा कुत्रा मिळालेला असतो.

रस्त्यावरच्या कुत्र्याची भूक वेगळी. ती बातमी खरी असते, तिथे गाडगेबाबांचं कलम जसंच्या तसं लागू होतं. पण तिथेही नुसता घास पुरत नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ सांगतात की खायला देण्याची जागा आणि वेळ ठरलेली असावी, ती जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. भुकेला कुत्रा आणि घाबरलेलं मूल या दोघांचाही विचार ज्यात आहे, तीच खरी भूतदया.

आपल्याबद्दल

हे सगळं फक्त कुत्र्यांचं राहत नाही. पीओएमसी जनुकात बिघाड घेऊन जन्मलेली माणसंही असतात. फार थोडी, पण लहानपणापासून न थांबणाऱ्या भुकेनं वेढलेली. त्यांच्यासाठीच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. त्याआधी त्यांना काय म्हटलं गेलं असेल, हे सांगायला संशोधन लागत नाही. वरचे मराठी शब्द पुरेत.

२०२५मध्ये वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं भारतातही आली. ती घेणाऱ्या अनेकांचं म्हणणं सारखंच असतं: डोक्यात सतत चालू असलेला अन्नाचा आवाज बंद झाला. ज्यांच्या डोक्यात तो आवाज कधी नव्हताच त्यांना हे वाक्य कळत नाही. आपल्याला संयम आहे असं त्यांना वाटत आलेलं असतं. त्यांच्याजवळ कदाचित फक्त शांतता होती. या औषधांच्या किमती, दुष्परिणाम, गैरवापर हे वेगळे वाद. पण एखादं रसायन जर माणसाला अधाशीचा मितभाषी, म्हणजे मिताहारी, करू शकत असेल, तर अधाशीपणा हा चारित्र्याचा भाग होता की नाही, हे पुन्हा तपासायला हवं.

कुत्रा आणि माणूस यात फरक आहेच. माणूस स्वतःच्या फ्रीजची किल्ली स्वतःजवळ ठेवतो, त्याच्या ताटावर दुसऱ्यानं पहारा द्यायचा नसतो. माणसाला बुंदीसारखं सांभाळा, असं मी म्हणत नाही. तिच्याकडून एवढंच घ्यावं: कुणाच्या भुकेचं माप आपल्या भुकेनं काढू नये.

उरतो एक प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्या भुकेनं इतका त्रास होतो ती पुढच्या पिढ्यांतून काढून टाकावी का? पैदास करणाऱ्यांनी ठरवलं तर ते शक्य आहे. पण मग अंध माणसाला रस्ता ओलांडून देणारा तो चटकन शिकणारा कुत्रा कदाचित तितका चटकन शिकणार नाही. त्याची भूक आपल्याला हवी आहे आणि नकोही आहे. जोवर ती हवी आहे, तोवर तिचा नको असलेला भाग सांभाळणं हे आपलं कर्ज आहे. ते रोज थोडं थोडं फेडायचं, ग्रॅममध्ये, गवतात दाणे टाकून, डब्याचं झाकण लावून. यानं तिची भूक मिटत नाही. रात्री ती झोपेतही नाक हलवत असते.